भोक पाडलेलं रोमन नाणं कसं वाचायचं

जुनी नाणी विकणाऱ्यांकडे एक डबा कायम बाजूला सारलेला असतो. झिजलेली, वाकलेली, काठ तुटलेली नाणी त्यात पडलेली असतात आणि त्यांच्याच गर्दीत भोक पाडलेली रोमन नाणीही सापडतात. त्याच सम्राटाचं अखंड नाणं मखमली ट्रेमध्ये असतं. भोक पाडलेलं मात्र किती तरी कमी भावात मिळतं. मी सुरुवात या डब्यापासून केली, कारण तेवढंच परवडत होतं. आता थोडं बरं चाललंय, तरी हात आधी तिथेच जातो.

टाकसाळीने एकाच ठशाची हजारो नाणी पाडली. भोक मात्र कुणा एकाने, त्या एकाच नाण्याला, स्वतःच्या गरजेपुरतं पाडलं. ते नीट वाचता आलं, तर दागिना कुठल्या बाजूने मिरवला, बरीच वर्षं घातला की थोडेच दिवस, खरोखर जुना आहे की परवा कुणी ड्रिल मारलंय, एवढं तरी बहुतेकदा कळतं. नव्याने या छंदात पडलेल्यांसाठी ही वाचनाची पद्धत.

आधी हे कोण करत असे

खुद्द रोमन करत. दुसऱ्या शतकातल्या पोम्पोनिअस नावाच्या कायदेपंडिताचं एक मत रोमन कायद्याच्या संग्रहात टिकून आहे. सोन्याचांदीची जुनी नाणी लोक रत्नांसारखी वापरतात, म्हणून त्यांच्या वापराचा हक्क मृत्युपत्राने देता येतो, असं तो म्हणतो. म्हणजे त्या काळीही 'जुनी' नाणी होती आणि ती अंगावर घालायची रीत इतकी रुळलेली होती, की वारसाहक्काचा प्रश्न निघावा. तिसऱ्या शतकापासून श्रीमंत घरांत सोन्याची नाणी जाळीदार नक्षीच्या कोंदणात बसवून गळ्यात घालत. गरिबाघरी तांब्याचं नाणं, एक खिळा आणि दोरा.

ताईत म्हणूनही नाणी चालत. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन साम्राज्यातल्या अँटिओक शहरात जॉन क्रिसोस्टम हा धर्मोपदेशक लोकांवर चिडला होता, कारण ते सिकंदराची तांब्याची नाणी डोक्याला आणि पायांना बांधून फिरत. सिकंदर मरून सात शतकं उलटली होती, तरी त्याचा मुखवटा, म्हणजे नाण्यावरचा चेहरा, अंगावर असला की काम फत्ते होतं ही समजूत शाबूत होती. पुढे ग्रीक भाषकांत बायझँटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याची, नाणी 'कॉन्स्टांटिनाटो' म्हणून गळ्यात घालायची प्रथा पडली. नाण्यावर क्रूस आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन माणसं दिसली की ती सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याची आई हेलेना, असं लोक धरून चालत. बऱ्याच नाण्यांवर ती भलतीच जोडी असे.

हे वाचून हसू येत असेल तर घरातली पुतळीमाळ आठवा. मूळची पुतळी म्हणजे व्हेनिसचं डुकाट. हे नाणं १२८४ सालापासून पाडत होते. साधारण साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला ख्रिस्त. आपल्याकडे त्या आकृत्यांना पुतळी म्हटलं, नाणी ओवून माळ केली आणि पुढे सोनारांनी थेट लक्ष्मीच्या छापाच्या पुतळ्या घडवल्या. तमिळ मुलखात त्याच नाण्याला 'शाणारकासू' म्हणत, कारण काठी धरलेला तो प्रमुख त्यांना माडावर चढणाऱ्या ताडीवाल्यासारखा दिसला.

युरोपच्या उत्तरेला रोमन सत्ता संपल्यावर हा प्रकार वाढला. इंग्लंडमधल्या पाचव्या ते सातव्या शतकांतल्या अँग्लो-सॅक्सन कबरींत, विशेषतः बायका-मुलांच्या, भोक पाडलेली रोमन नाणी पुन्हा पुन्हा निघतात. त्यातली कित्येक पुरली तेव्हाच दोन-तीनशे वर्षं जुनी होती. बाजारात ती आता चालत नव्हती. कुणाला तरी शेतात सापडली, आवडली, गळ्यात आली.

भारताचा धागा तर फारच जवळचा आहे, पण तो भोकाची जागा पाहताना घेऊ.

पायरी १ : हत्यारं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, व्यास मोजायला कॅलिपर, एक टॉर्च आणि वही. टॉर्च समोरून मारू नका. बाजूने, आडवा उजेड पाडा. भोकाभोवतीचे उंचवटे सावलीतच दिसतात.

पायरी २ : भोक विसरा, नाणं ओळखा

सगळे नवखे इथेच घाई करतात. आधी धातू, व्यास, वजन. ऑगस्टसच्या काळचं चांदीचं डेनारिअस सुमारे १८-१९ मिलिमीटरचं, पावणेचार ग्रॅमच्या आसपास. नीरोने इ. स. ६४ मध्ये ते सुमारे ३.४ ग्रॅमवर आणलं. सोन्याचं ऑरिअस ऑगस्टसच्या वेळी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास होतं; नीरोनंतर ते सव्वासात ग्रॅमवर उतरलं. कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सुरू केलेलं सॉलिडस साडेचार ग्रॅमचं. चौथ्या शतकातली तांब्याची छोटी नाणी दोन-तीन ग्रॅमची असतात आणि डब्यात सर्वांत जास्त तीच मिळतात. भोकामुळे थोडं वजन जातं, हे गृहीत धरा. अर्ध्या ग्रॅमहून जास्त तूट दिसली, तर कारण भोकाबाहेर शोधा.

भोकाचा एक फायदा अखंड नाण्याला नाही. रोमन काळातही खोटी नाणी होती: आत तांबं, वरून चांदीचा पत्रा. भोकाच्या आतल्या भिंतीवर टॉर्च मारा. चांदीच्या पातळ पापुद्र्याखाली लालसर किंवा हिरवट गाभा दिसला, की गुपित फुटलं. कधी कधी वाटतं, काही भोकं याच तपासणीतून सुरू झाली असावीत.

छाप कुणाचा हे ठरवायला अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची 'ओसीआरई' ही फुकट ऑनलाइन सूची पुरते. नाव, मागचं चित्र आणि वाचता आलेली दोन-चार अक्षरं टाकली की क्रमांक मिळतो. भारतात सापडणाऱ्या चांदीच्या नाण्यांत दोन छाप पाठ करून ठेवा. एक ऑगस्टसचा, मागे ढाली-भाले घेऊन उभे असलेले गायस आणि ल्युशिअस हे दोन राजपुत्र. दुसरा टायबेरिअसचा, मागे खुर्चीवर बसलेली बाई. दोन्ही लुग्दुनुमच्या टाकसाळीचे, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लिऑनचे.

पायरी ३ : भोक कुठे आहे

सगळ्या पायऱ्यांमध्ये हीच मला सर्वांत आवडते.

नाण्याची छाप बाजू, म्हणजे मुखवट्याची, समोर धरा. मुखवटा सरळ ठेवा आणि भोकाची जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहा: डोक्यावर असेल तर १२, हनुवटीखाली मानेपाशी असेल तर ६. आता वरचं आणि खालचं टोक चिमटीत धरून नाणं गर्रकन फिरवा. मागची आकृती सरळ उभी दिसली, तर दोन्ही ठसे एकाच दिशेला आहेत. आपल्या खिशातल्या रुपयाचं असंच असतं. मागची आकृती डोक्यावर उभी दिसली, तर ठसे उलटसुलट आहेत. अमेरिकन नाणी अशी असतात. रोमन नाण्यांत दोन्ही प्रकार सर्रास सापडतात आणि मधले तिरकेही.

याचा उपयोग असा. ठसे उलटसुलट असतील, तर एकाच भोकातून दोन्ही बाजू सरळ लटकू शकत नाहीत. भोक पाडणाऱ्याला निवड करावीच लागली. भोक डोक्यावर असेल तर त्याला मुखवटा हवा होता. भोक मानेखाली असेल तर मुखवटा उलटा लटकणार होता आणि मागचं चित्र सरळ. दोन्ही ठसे एकाच दिशेचे असतील तर मात्र जागेवरून काही कळत नाही. तिथे झीज बघायची, ती पाचव्या पायरीत.

भोक वाटेल तिथे, चित्राशी संबंध न ठेवता पाडलेलं असेल, तर ते टांगण्यासाठी नसेलही. खिळ्याने कुठे तरी ठोकलेलं असू शकतं. नाण्याच्या बरोब्बर मध्यभागी भोक असेल तर दागिन्याचा विचार सर्वांत शेवटी करा.

आता भारत. दक्षिणेत सापडणाऱ्या रोमन सुवर्णनाण्यांची एक खूण ठरलेली आहे: एकाऐवजी दोन भोकं, शेजारीशेजारी, मुखवट्याच्या डोक्यावर. दोन्हींतून दोरा गेला की नाणं गिरकी घेत नाही, चेहरा समोरच राहतो. पुतळी किंवा पदक छातीवर नीट राहावं म्हणून आपले सोनार ज्या युक्त्या करतात, त्यांचीच ही जुनी बहीण. अशी दोन भोकं अस्सल नाण्यांना आहेत आणि इथेच घडवलेल्या नकलांनाही. नकलांवर लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या आणि टिंबं असतात, कारण घडवणाऱ्याला ती लिपी वाचायची नव्हती. त्याला राजाचं तोंड हवं होतं.

हे सोनं इथे आलं व्यापारातून. दरसाल ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणं) भारत ओढून नेतो, अशी तक्रार पहिल्या शतकात थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे. एका ऑरिअसचे १०० सेस्टर्स होत, म्हणजे हिशेबाने पाच लाख ऑरिअस. आकडा फुगवलेला असेल, पण यवनांची, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांची, जहाजं सोनं घेऊन येतात आणि मिरी घेऊन जातात, असं संगम काळातली तमिळ कविताही म्हणते. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांनी मातीचं केलं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर, आणि तेलंगणातलं कोंडापूर इथे रोमन नाण्यांचे छाप घेतलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत, दोरा ओवायची सोय असलेल्या. मातीच्या कानातल्या-गळ्यातल्यावर टायबेरिअसचा चेहरा! त्याला स्वतःला हे कळलं असतं तर त्याने काय तोंड केलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

एक गल्लत टाळा. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला १८९८ मध्ये ५०१ रोमन सुवर्णनाण्यांचा साठा निघाला. त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या तोंडावरून छिन्नीचा सरळ घाव आहे. तो दागिन्यासाठी नाही. नाणं चलनातून बाद केल्याची ती खूण मानतात. तसंच चांदीच्या नाण्यांवर चंद्रकोर, टिंब, अक्षर असे बारीक ठोके असतात. ते सराफांनी पारख करताना मारलेले. आरपार गेलं नसेल तर ते भोक नव्हे.

पायरी ४ : भोक कसं पाडलं

भिंगातून दोन्ही बाजूंच्या कडा पाहा. खिळा किंवा टोचा ठोकून पाडलेल्या भोकात धातू आत ढकलला जातो. ज्या बाजूने ठोकलं तिथे कड आत वळलेली, गुळगुळीत. ज्या बाजूला टोक बाहेर आलं तिथे फाटलेली, वर उचललेली कड. पुष्कळदा ती टोचू नये म्हणून हातोडीने चेपून टाकलेली दिसते. भोक गोल नसून चौकोनाकडे झुकत असेल तर चौकोनी खिळा वापरला असणार; रोमन खिळे चौकोनीच असत. ड्रिलच्या भोकाच्या भिंती सरळ असतात, दोन्हीकडे व्यास सारखा आणि आतमध्ये गोल फिरलेल्या बारीक रेघा.

ड्रिल दिसलं म्हणजे नवंच, असं मात्र धरू नका. दोरीने फिरवायचं हातड्रिल रोमनांकडेही होतं आणि मणी विंधणाऱ्यांना तर ते रोजचं. शंका घ्यायची ती बाजारात मिळणाऱ्या बिटाच्या नेमक्या मापाच्या, काचेसारख्या स्वच्छ भोकावर.

पायरी ५ : झीज

बरीच वर्षं लटकलेल्या नाण्याचं भोक वरच्या दिशेने ओढलं जातं. दोऱ्याने किंवा कडीने कड खात खात भोकाचा आकार पाण्याच्या थेंबासारखा होतो. कधी कड पूर्णच तुटते, मग शेजारी दुसरं भोक पाडलेलं असतं. अशी तुटून पुन्हा पाडलेली नाणी मला सर्वांत मोलाची वाटतात: कुणाला तरी ते टाकवलं नाही.

मग दोन्ही बाजूंची झीज ताडून पाहा. अंगाला, कपड्याला घासणारी बाजू सपाट होते, समोरची त्यामानाने ठसठशीत राहते. मुखवटा गुळगुळीत आणि मागचं चित्र चांगलं असेल, तर मुखवटा छातीकडे होता. नाणं झिजलेलं पण भोकाची कड धारदार असेल, तर ते आयुष्यभर बाजारात फिरलं आणि दागिना म्हणून थोडेच दिवस राहिलं. कदाचित थेट कबरीत गेलं असेल.

पायरी ६ : जुनं की कालचं

तांब्याच्या नाण्यावर शतकांचा हिरवा-तपकिरी थर चढतो. तो भोकाच्या आत, भिंतीवरही तसाच सलग उतरलेला हवा. बाहेर गडद हिरवं आणि आत उघडं पिवळं-लाल तांबं, तर भोक ताजं. आत नुसता मातकट लेप असेल तर दाताच्या काडीने हळूच टोकरून पाहा. चिखल-गोंद लावून जुनं केलेलं लगेच सुटतं. भोकाच्या कडेला लोखंडाचा गंज चिकटलेला दिसला तर काढू नका, ती जुन्या कडीची शिल्लक असू शकते.

जुनं आणि ताजं यांच्या मध्ये एक तिसरा गट आहे. आग्नेय युरोपातल्या बाल्कन भागातल्या बायका अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत टोप्यांना, ओढण्यांना नाण्यांच्या झालरी लावत आणि त्यांत शेतात सापडलेली रोमन नाणीही शिवली जात. त्यांच्या भोकांवर दोन शतकांची झीज असते, दोन हजार वर्षांचा थर नसतो.

सर्वांत महागात पडतात ती बुजवलेली भोकं. सुरुवातीच्या दिवसांत मी एक 'अखंड' चांदीचं नाणं चढ्या भावाने घेतलं. महिनाभराने आडव्या उजेडात पाहिलं तर सम्राटाच्या डोक्यावरची दोन अक्षरं बाकीच्यांपेक्षा बारीक आणि अंमळ खोल. तिथे भोक होतं. चांदी भरून, घासून, अक्षरं कोरून विकलं होतं. विकणाऱ्याने पैसे परत केले नाहीत, आणि ते नाणं मी अजून ठेवलंय, शिकवायला. तेव्हापासून डोक्यावरची जागा मी आधी तपासतो: रंग थोडा निराळा, गोल छाया, अक्षरांची चाल बदललेली, पार्श्वभूमी जास्तच सपाट. खोटी ओतीव नाणीही भोक पाडून विकतात, कारण भोक बघितलं की घेणारा सैल पडतो. काठावर ओतल्याची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे शोधा.

पायरी ७ : काय करायचं नाही

लिंबू, चिंच, पितांबरी, टूथपेस्ट यांपैकी काही नको. पाण्यात बुडवून मऊ ब्रशने सैल माती काढली की पुरे. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड दिसली तर ती ब्राँझची कीड, म्हणजे धातू खाणारा एक गंज. दमट हवेत ती वाढते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात फारच. ते नाणं इतरांपासून वेगळं करा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

घालायचं असेल तर जुन्या भोकात हूक अडकवू नका. शेकडो वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ होते; बिस्किटासारखी तुटते, वाकत नाही. अखंड नाण्याला नवं भोक पाडणं तर नकोच. सोनाराकडून चार नखांचं किंवा पातळ पट्टीचं उघडं कोंदण करून घ्या, डाग कोंदणाला द्यायचा आणि नाणं सर्वांत शेवटी, गार असताना बसवायचं. आणि हे त्याला दोनदा सांगा: उजळायचं नाही. सोनाराचा हात सवयीने तेजाबाकडे आणि पॉलिशकडे जातो, मायेनेच जातो, पण नाण्याचा दीड हजार वर्षांचा रंग मिनिटभरात जातो.

पायरी ८ : कायदा

भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून बॅगेतही नाही. पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो, तो बघायला मागा आणि पावती घ्या. शेत नांगरताना, पाया खणताना जुनं धन सापडलं आणि किंमत दहा रुपयांहून जास्त असली, की १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालणाऱ्या मराठी मित्रांसाठी एक बारकावा. तिथे एकटंदुकटं नाणं सहसा 'ट्रेझर', म्हणजे कायद्याने कळवावं लागणारं धन, ठरत नाही. पण सोन्याचांदीच्या नाण्याला किमान तीनशे वर्षांपूर्वी भोक पाडून किंवा कडी लावून दागिना केलेला असेल, तर ते ठरू शकतं आणि चौदा दिवसांत कळवावं लागतं. म्हणजे भोकामुळे कायदाच बदलतो. आधी तिथल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या, अधिकाऱ्याला दाखवा. या योजनेच्या खुल्या नोंदींत भोक पाडलेली शेकडो रोमन नाणी फोटोसह पाहायला मिळतात, डोळा तयार करायला उत्तम.

प्रत्यक्ष पाहायचं तर चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात रोमन नाण्यांचा मोठा संग्रह आहे. तेरचं लामतुरे संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आपल्या हाताशी आहेत.

पायरी ९ : वहीतली नोंद

दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मुखवटा सरळ ठेवून. भोक सरळ ठेवून आणखी दोन काढा. नोंद कशी असावी, तर माझ्या वहीतली ही पहिली:

'डेनारिअस, चांदी. टायबेरिअस, लुग्दुनुम, मागे बसलेली बाई. ३.५१ ग्रॅम, १८ मिमी. ठसे उलटसुलट. भोक एक, ठोकून पाडलेलं, बाईच्या बाजूने. मुखवट्याकडून पाहता ६ वर, बाईकडून पाहता १२ वर. भोक ओढलेलं, थेंबाच्या आकाराचं. आतला थर बाहेरच्यासारखाच, भोक जुनं. मुखवटा जास्त झिजलेला. टायबेरिअस उलटा, छातीकडे तोंड करून. समोर बाई, सरळ.'